स्वीडिश मीटबॉल्स, क्रीमच्या ग्रेव्हीसकट: घरी करायचे आहेत, सल्ला हवा

जाईजुई:
पुढच्या शनिवारी आठ माणसं जेवायला आहेत. भाचा शिकायला स्वीडनमध्ये होता, नुकताच परत आलाय. त्याची फर्माईश म्हणजे मीटबॉल्स, ती फिकट तपकिरी ग्रेव्ही, बटाट्याचा लगदा आणि "बाजूला ते लाल जॅम". मी पुण्यात. घरात पोर्क चालत नाही. मटण, चिकन, अंडं सगळं चालतं. युट्यूबवर दहा जण, दहा तऱ्हा. कोणी गरम मसाला घालतंय, एका बाईंनी तर टोमॅटोची प्युरी ओतली.

कोफ्ते मला जमतात, तेव्हा वळण्या-तळण्याचं काही वाटत नाही. अडतंय ते एवढंच: खिमा कशाचा घेऊ? पाकिटातलं क्रीम ग्रेव्हीत फाटेल का? आणि त्या लाल जॅमऐवजी इथे काय मिळेल?

तिखटमीठ:
गरम मसाला थोडा घालाच. नाहीतर पाहुणे घरी जाऊन लोणचं-भाकरी खातील.

उत्तरध्रुवी:
जाईजुई, तिखटमीठांचं आत्ता ऐकू नका. मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहतो. इथे हे आपल्या पिठलं-भातासारखं रोजच्या घरातलं जेवण आहे, त्यामुळे घरोघरी जरा वेगळं. पण काही गोष्टी कोणी बदलत नाही.

पहिली म्हणजे मसाला. पांढरी मिरपूड आणि ऑलस्पाइस, बास. आलं नाही, कोथिंबीर नाही, हिरवी मिरची नाही. लसूणही बरेच जण घालत नाहीत. चव येते ती लोण्यात परतलेल्या कांद्याची, मांसाची आणि तव्याला लागलेल्या खरपुडीची. मसाला वाढवला की याचा कोफ्ता होतो. कोफ्ता वाईट नाही, पण भाच्याने तो मागितलेला नाही.

दुसरी म्हणजे दुधात भिजवलेला पावाचा चुरा. याला फाटा देऊ नका. आपण कोफ्त्यात डाळं किंवा बेसन घालतो ते बांधून राहायला. इथे चुरा असतो तो मऊपणासाठी. भिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि शिजताना मांसातली प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळून बसत नाहीत. कोरडा चुरा थेट खिम्यात टाकलात तर तो उलट खिम्यातलंच पाणी पिऊन घेतो.

माझं प्रमाण अर्धा किलो खिम्याला: ५० ते ६० ग्रॅम चुरा, १५० मिली दूध (त्यात निम्मं क्रीम असेल तर उत्तमच), एक अंडं, एक मध्यम कांदा, बारीक मिठाचा एक सपाट चमचा, पांढरी मिरपूड आणि ऑलस्पाइस पाव-पाव चमचा. तुम्हाला आठ जणांसाठी हे दुप्पट लागेल.

चुरा दुधात दहा मिनिटं मुरू द्या, दाट खिरीसारखा व्हायला हवा. कांदा अगदी बारीक चिरून लोण्यात मंद आचेवर मऊ करा, लाल नको, आणि पूर्ण गार होऊ द्या. आधी नुसता खिमा आणि मीठ हाताने मळा. मिठाने खिम्याला चिकटपणा येतो, मग बाकीचं घालून जेमतेम एकजीव करा. अर्धा तास फ्रिजमध्ये. मिश्रण सैल वाटेल, ते तसंच हवं, घाबरून वर चुरा टाकू नका. ओल्या हाताने साधारण २० ग्रॅमचे, लहान लिंबापेक्षाही लहान गोळे वळा. अर्ध्या किलोत चाळीसच्या आसपास होतात. पण आधी एक छोटी टिक्की तव्यावर भाजून मीठ बघा.

तळायचं म्हणजे कढईत बुडवून नाही. पसरट तवा, थोडं तेल आणि त्यात लोणी. लोण्याचा फेस बसला की गोळे सोडा, गर्दी न करता. चमच्याने उलटत बसण्यापेक्षा तवाच हलवत राहा, गोल राहतात. तव्याला जे चिकटेल ते धुऊन टाकलंत तर ग्रेव्ही गेली समजा.

शंकासुर:
पण हे मुळात तुर्की आहे ना? २०१८ मध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यानेच कबुली दिली होती, की राजा बारावा चार्ल्स ही पाककृती तुर्कस्तानातून घेऊन आला. मग थोडा जिऱ्या-धण्याचा वास आला तर बिघडलं कुठे?

उत्तरध्रुवी:
ते ट्विट खूप गाजलं, पण त्यातला इतिहास पक्का नाही. रशियाविरुद्धची पोल्टावाची लढाई १७०९ मध्ये हरल्यावर राजा ऑटोमन मुलखात बेंडरला आश्रयाला होता, १७१४ मध्ये निघाला, इतकं खरं. कोबीच्या पानात खिमा गुंडाळून करतात तो स्वीडिश डोल्मा त्या ओळखीतून आला असं म्हणायला जागा आहे, नावच बोलतं. मीटबॉल्सचं तसं काही हाती लागत नाही. कायसा वार्ग या बाईंच्या १७५५ च्या पाकपुस्तकात ते सापडतात, पण त्या काळी ताजं मांस कुटून गोळे करणं हे बड्या घरचं काम. एकोणिसाव्या शतकात खिम्याचं यंत्र आणि लोखंडी चुली घरात आल्या तेव्हा कुठे ते सगळ्यांचं झालं. आणि तुर्कस्तानातून आलं असतं तरी अडीचशे-तीनशे वर्षांत जिरं वाटेतच सांडलं!

वसईवाला:
खिम्याचं मी सांगतो. तिकडे गाय आणि डुकराचा मिश्र खिमा वापरतात. चव गायीची, चरबी डुकराची. आमच्याकडे वसईत किंवा गोव्यात पोर्क सहज मिळतं, पण तुमच्याकडे तो प्रश्नच नाही. बीफचं म्हणाल तर महाराष्ट्रात २०१५ पासून बैलही कापता येत नाही, मिळतं ते म्हशीचं.

तेव्हा मटण. बोकडाचा खिमा कोरडा असतो, म्हणून खाटकाला सांगा: मांडी आणि सीना अर्धा-अर्धा, थोडी चरबी ठेवून, मशीनमधून दोनदा फिरवून. घरी धुऊ नका, नाहीतर ते पाणी ग्रेव्हीत सुटेल. धुवायचंच असेल तर अख्खे तुकडे धुऊन, निथळून मग खिमा करून घ्या. नुसत्या मटणाचा वास उग्र वाटत असेल तर एक तृतीयांश चिकन मिसळा, पण लेग बोनलेसचा खिमा, ब्रेस्टचा नको. माझ्या मते आपल्याकडे हेच मिश्रण सगळ्यात जवळ जातं.

चुऱ्यासाठी बेकरीतला टोस्ट कुटू नका. त्यात साखर असते आणि बऱ्याचदा वेलचीसुद्धा. ब्रुन किंवा कडक पाव वाळवून कुटा.

आजीचा_बटवा:
ऑलस्पाइस घेताना जपून. मसाल्याच्या दुकानात ते बऱ्याचदा "कबाबचिनी" म्हणून देतात, आणि खरी कबाबचिनी म्हणजे शेपटीचे मिरे, ती चीजच वेगळी. दाणा शेपटीवाला असेल तर परत करा. ऑलस्पाइसचा दाणा मोठा, तपकिरी, गुळगुळीतसा, आणि चुरगाळल्यावर लवंग-दालचिनी-जायफळ एकत्र केल्यासारखा वास. कोकणात परसात ऑलस्पाइसचं झाड असतं, त्याची पानं पुलावात घालतात. ती इथे नकोत, दाणेच हवेत. नाहीच मिळाले तर चिमूटभर लवंग, त्याहून जरा जास्त जायफळ. हात आखडता ठेवा.

जाईजुई:
वा, खिम्याचा प्रश्न मिटला. वसईवाले दादा, दोन भाग मटण, एक भाग चिकन पक्कं. आता क्रीम?

उत्तरध्रुवी:
इथे दाट क्रीममध्ये ३६ ते ४० टक्के स्निग्धांश असतो, तुमच्याकडच्या अमूल फ्रेश क्रीममध्ये २५. पातळ आहे, पण चालतं, कारण मैदा आधार देतो. फाटण्याची भीती असते ती खळखळ उकळण्याची आणि आंबटाची. म्हणून दही नको, लिंबू नको, आणि क्रीम पडल्यावर आच मंद. घरची साय वापरणार असाल तर गाळून, घोटून घ्या, नाहीतर कण राहतात.

आठ जणांना: ज्या तव्यात गोळे तळले त्यातलं जास्तीचं तेल काढून टाका, ५० ग्रॅम बटर, ६० ग्रॅम मैदा, मंद आचेवर परतून बदामी रंग येऊ द्या. गरम स्टॉक ७०० मिली, थोडा थोडा, फेटत आणि तळ खरवडत. पाच-सात मिनिटं शिजवा, कच्च्या मैद्याची चव गेली पाहिजे. मग ३०० मिली क्रीम, दोन चमचे डार्क सोया सॉस. हो, चायनीजवालाच. इथे घरोघरी घालतात, रंग आणि खारटपणा दोन्ही त्याचेच. शेवटी त्या लाल जॅमचा अर्धा चमचा. मीठ अगदी शेवटी, कारण सोया आणि स्टॉक दोन्ही खारट. स्टॉकची वडी वापरण्यापेक्षा मटणाच्या नळ्या भाजून, कांदा-गाजर घालून उकळल्यात तर मला जास्त आवडेल.

आयकियाने (ती स्वीडिश फर्निचरवाली कंपनी, दुकानात मीटबॉल्सही विकते) २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपली घरगुती पाककृती जाहीर केली होती. त्यात गोळे आधी तव्यावर सगळीकडून तांबूस करून मग ओव्हनमध्ये १८० अंशांवर अर्धा तास झाकून ठेवायचे आहेत आणि ग्रेव्हीत एक चमचा डिजॉन मोहरी. आठ माणसांचं करताना ओव्हन सोयीचा आहे खरा, पण नुसता ओव्हनच वापरलात तर तव्यातली खरपूड मिळत नाही. म्हणून त्यांच्यासारखंच करा: तव्यावर रंग आणा, उरलेलं शिजणं ओव्हनमध्ये. चिकन आहे म्हणून एक गोळा फोडून आत गुलाबी नाही ना, ते बघा.

तिखटमीठ:
नवी मुंबईच्या आयकियात चिकनचे खाल्लेत. पोट भरलं, जीभ नाही. माझं मत कायम!

शंकासुर:
घरात शाकाहारी कोणी नाही का? आयकियाचे शाकाहारी गोळे वाटाण्याचं प्रथिन, ओट, बटाटा, कांदा आणि सफरचंदाचे असतात. तशी मूठभर ओट आणि भरपूर भाजलेलं मशरूम घेऊन घरी करता येतील. ग्रेव्ही मात्र वेगळी काढावी लागेल.

आजीचा_बटवा:
लाल जॅम म्हणजे लिंगनबेरी. तिकडे ती शिजवतसुद्धा नाहीत, साखर घालून नुसती ढवळतात, आणि तरी टिकते, कारण फळातच बेंझोइक आम्ल असतं. आपल्याकडे मोठ्या दुकानात क्रॅनबेरीचा सॉस मिळतो, तो सगळ्यात सोपा पर्याय. पण मला विचाराल तर करवंदाचा जॅम. आंबट-तुरट आणि गडद लाल, मटणाच्या ग्रेव्हीशेजारी फार शोभतो. लाल अंबाडीच्या बोंडांचाही चालेल. मिक्स्ड फ्रूट किंवा स्ट्रॉबेरी जॅम मात्र नको, तो नुसता गोड, आणि इथे कामच आंबटाचं आहे.

उत्तरध्रुवी:
करवंद! हे मला सुचलं नसतं. आणि काकडी विसरू नका, तिच्याशिवाय ताट जड होतं. काकडीच्या अगदी पातळ चकत्या, मीठ लावून वर वजन ठेवून अर्धा तास, मग पिळून आंबट-गोड पाण्यात. इथला हिशोब एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. पण इथलं व्हिनेगर १२ टक्क्यांचं. तुमच्याकडचं ४ टक्क्यांचं असेल तर तीन भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, एक भाग पाणी. वर पार्सली, नसेल तर काहीच नाही.

जाईजुई:
सगळ्यांचे आभार. करवंदाचा जॅम चुलतसासूबाईंकडे आहे, मागून आणते. शेवटचं: शुक्रवारी रात्री काय काय करून ठेवू? शनिवारी सकाळी घरात कोणी मदतीला नाही.

वसईवाला:
स्टॉक शुक्रवारी. गोळे शुक्रवारीच तळून, गार करून, झाकून फ्रिजमध्ये. कच्चे वळून रात्रभर ठेवू नका, चिकन आहे. पण तव्यातली खरपूड त्याच वेळी अर्धा कप स्टॉक घालून खरवडून घ्या आणि वाटीत जपून ठेवा, शनिवारी ग्रेव्हीत घाला. ग्रेव्ही शनिवारीच करा आणि गोळे वाढण्याआधी दहा मिनिटं त्यात सोडा. रात्रभर ग्रेव्हीत ठेवलेत तर आतला पाव सगळी ग्रेव्ही पिऊन टाकेल. बटाटे ऐन वेळी, गरम दुधात, हाताने. मिक्सर लावलात तर चिकट खळ होते.

तिखटमीठ:
आणि टेबलावर एक वाटी ठेचा. कोणी बघत नसताना.