हात कणकेत, कान रिकामे: कोणते पॉडकास्ट ऐकू?

लाटणं_डोंबिवली

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा काहीतरी विचारतेय. माझं डोंबिवलीत छोटंसं पोळी-भाजी केंद्र आहे, घरातूनच चालवते. पहाटे पाचला कणीक तिंबायला घेते आणि साडेदहापर्यंत अडीचशेच्या आसपास घडीच्या पोळ्या, दोन भाज्या असं सगळं डब्यांत भरून होतं. साडेसातला मदतीला एक मावशी येतात, तोपर्यंत मी एकटीच असते. हे पाच-साडेपाच तास हात पूर्ण अडकलेले पण कान मोकळे, त्यामुळे गेल्या वर्षी मुलीने पॉडकास्टची सवय लावली आणि आता त्याशिवाय लाटणं हातात घ्यावंसं वाटत नाही इतकी ती लागलीये.

आत्तापर्यंत जे ऐकलं त्यात मित्रम्हणे खूप आवडलं, नाटक-सिनेमातली माणसं निवांत बोलतात, घाई नसते. अमुक तमुकचे तब्येतीवरचे आणि मनाच्या आजारांवरचे भाग तर मावशींनाही आवडतात, एक-दोन आम्ही पुन्हा लावून ऐकलेत. पण जे आवडले ते संपत आलेत. आणि खरं सांगू का, मुलाखती ऐकून ऐकून आता जरा कंटाळा आलाय, कोणीतरी पाहुणा येतो, लहानपणापासून सुरुवात, मग संघर्ष, मग यश. चांगलंच असतं ते, पण मला आता काहीतरी कळावं असं वाटतंय, जगात काय चाललंय, गोष्टी कशा बनतात असं काहीतरी.

अडचण दुसरी म्हणजे मी व्हिडिओच्या अॅपवर ऐकते. मध्येच जाहिरात सुरू होते आणि हात कणकेने माखलेले, मग कोपराने स्क्रीन दाबायची, नाहीतर पाच मिनिटं कसलीतरी घरं विकणाऱ्याचं ऐकत बसायचं. शिवाय हल्ली बरेच जण कॅमेऱ्यासाठीच बोलतात, "हे बघा हा फोटो" म्हणतात आणि मी इथे तव्याकडे बघत असते.

मराठी किंवा हिंदी चालेल. इंग्रजी मावशी यायच्या आधी, सावकाश बोलणारं असेल तर. तुमचे आवडते सांगा, आणि का आवडतात तेही सांगा प्लीज, नुसती नावं नकोत.

---

कोकणकडा

ताई आधी त्या जाहिरातींचं बघू, कारण ते सुटलं नाही तर कितीही चांगला पॉडकास्ट सुचवला तरी कोपर वापरावंच लागणार.

अँड्रॉइड फोन असेल तर अँटेनापॉड नावाचं अॅप घ्या. फुकट आहे, लोकांनी मिळून हौसेने बनवलेलं आहे आणि अॅपच्या स्वतःच्या जाहिराती अजिबात नाहीत. कार्यक्रमाच्या आवाजातच घातलेली जाहिरात, निवेदकाची असो वा दुसऱ्या कोणाची, तेवढी राहते, ती कुठेच चुकत नाही. पॉडकास्ट म्हणजे मुळात एक फीड असतो, म्हणजे नवे भाग जिच्यात येत राहतात अशी इंटरनेटवरची यादी, तो कुठल्याही अॅपमध्ये उघडतो, एका कंपनीला बांधलेला नसतो. हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. नाव टाकून शोधायचं, सबस्क्राइब करायचं, झालं. मराठीतलेही बरेचसे सापडतात.

आता तुमच्या कामाचं. रात्री झोपायच्या आधी वायफायवर उद्याचे भाग डाउनलोड करायचे आणि रांगेत लावून ठेवायचे, त्याला क्यू म्हणतात. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, फोनला हात लावायचा प्रश्नच येत नाही. मी हे आंब्याच्या सीझनला करतो, पेट्या भरताना गवत-कागद-आंबा गवत-कागद-आंबा असं चार-चार तास चालतं तेव्हा. आणि एक आग्रहाने सांगतो, सेटिंगमध्ये जाऊन आपल्या सबस्क्रिप्शनची यादी एक्स्पोर्ट करून ठेवा. मी आधी वापरत होतो ते अॅप एक दिवस बंदच झालं, पण यादीची फाईल काढून ठेवलेली होती म्हणून दोन मिनिटांत सगळं नव्या ठिकाणी आलं. माझ्या भावाने काढली नव्हती, त्याचे ऐंशी-नव्वद कार्यक्रम गेले आणि त्यातली निम्मी नावं त्याला आठवत पण नाहीत.

---

रोजचा_पॅसेंजर

कसारा ते सीएसएमटी, जाऊन-येऊन पाच तास, सोळा वर्षं. या विषयावर मी बोलणारच.

मराठीत तुम्हाला हवंय तसं म्हणजे बीबीसी मराठीचं "गोष्ट दुनियेची". एका भागात एकच प्रश्न घेतात, जगात कुठेतरी काहीतरी घडतंय ते का घडतंय, आणि ते जाणकारांकडून टप्प्याटप्प्याने उलगडत नेतात. आरडाओरडा नाही, दोन पक्षांची भांडणं नाहीत. माझा एक भाग साधारण टिटवाळ्याच्या पुढे सुरू होतो आणि ठाण्याच्या आत संपतो. तुमच्या मावशींनाही कळेल, भाषा सोपी आहे.

पण मनापासून आवडता विचाराल तर तीन ताल, आज तक रेडिओचं, हिंदीत. ताऊ, सरदार अशी टोपणनावं घेतलेली माणसं दोन-दोन तास गप्पा मारतात, विषय काहीही, लौकी, लग्नातले फुफाजी, निवडणूक, पावसाळ्यातले किडे. पण भाषा, अहो भाषा ऐका त्यांची. आपल्याला हिंदी म्हणजे सिनेमाची आणि बातम्यांची माहिती, इथे बिहार-यूपीच्या गावातली हिंदी ऐकायला मिळते, एकेक शब्द असा येतो की वाटतं अरे हा तर आपल्या आजीचा शब्द. आणि शेवटी ऐकणाऱ्यांची पत्रं वाचतात. कोणी दुबईत साइटवर आहे, कोणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, कोणाचे वडील गेलेत, सगळे चार-चार पानं लिहितात. पूर्वी रेडिओला पत्र पाठवायचे ना लोक, गावाच्या नावासकट, तसंच. गर्दीत उभ्या उभ्या ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलंय, एकदा नाही तीन-चारदा.

एकच आहे, कधीकधी बोलणं जरा मोकळंढाकळं होतं, त्यामुळे मावशी यायच्या आधी ऐका.

---

निवृत्त_मास्तर

पुलियाबाज़ी ऐका. हिंदी. प्रणय कोटस्थाने, सौरभ चंद्र आणि ख्याती पाठक. पुलिया म्हणजे गावाबाहेरची मोरी, तिच्या कठड्यावर बसून मारलेल्या गप्पा ती पुलियाबाज़ी. विषय मात्र सरकार, अर्थव्यवस्था, शहरं, तंत्रज्ञान असे. मी ३१ वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आणि महानगरपालिकेकडे पैसा नेमका कुठून येतो हे इतकं सरळ मला वर्गात सांगता आलं नव्हतं. आधी स्वतःला पडलेली शंका विचारतात, मग उत्तराकडे जातात, चांगला शिक्षक असंच करतो.

आणि ताई, वेग वाढवून ऐकू नका. माझा नातू दुप्पट वेगाने ऐकतो. आम्ही आकाशवाणीवर नभोनाट्य ऐकत मोठे झालो, त्यात दोन वाक्यांच्या मधल्या शांततेतही नाटक असायचं. ती शांतता काढून टाकली तर माणूस काय म्हणाला एवढंच कळतं, कसा म्हणाला ते जातं.

---

कोकणकडा

मास्तर, तुमचं पटतं, पण काही काही लोक खरंच फार सावकाश बोलतात, तिथे सव्वापट चालतं हो. गोष्ट असेल तर मात्र मीही साध्याच वेगाने ऐकतो.

---

दूरदेशी_लीड्स

मी इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे, रात्रपाळी करते, सकाळी बसने घरी येताना ऐकते. ताई, तुम्ही म्हणालात ना गोष्टी कशा बनतात ते कळावं, तर तुमच्यासाठी एकच नाव सांगते आणि त्याबद्दल जरा जास्त लिहिते.

"थर्टीन मिनिट्स टू द मून". बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने २०१९ मध्ये काढला, चंद्रावर माणूस उतरला त्याला ५० वर्षं झाली तेव्हा. निवेदक केव्हिन फाँग स्वतः डॉक्टर आहेत, अगदी स्वच्छ बोलतात, इंग्रजीची भीती बाळगू नका. अपोलो ११ चं यान २० जुलै १९६९ ला चंद्राकडे उतरायला लागलं तिथपासून टेकेपर्यंतची साधारण तेरा मिनिटं, त्या तेरा मिनिटांवर अख्खी पहिली मालिका आहे. म्हणजे आधीचे भाग या तेरा मिनिटांपर्यंत कसं पोचलो ते सांगतात, यान कोणी बनवलं, कॉम्प्युटर कोणी बनवला, ह्यूस्टनला नासाच्या नियंत्रण कक्षात कोण बसलं होतं. आणि मग शेवटी तो खराखुरा रेडिओवरचा आवाज सलग ऐकवतात. तोपर्यंत आपल्याला प्रत्येक आवाज ओळखीचा झालेला असतो.

एक प्रसंग सांगते. उतरताना मध्येच कॉम्प्युटर १२०२ असा इशारा द्यायला लागतो. अंतराळवीरांना त्याचा अर्थ माहिती नाही. खाली ह्यूस्टनमध्ये जॅक गार्मन नावाचा २४ वर्षांचा मुलगा बसलाय, त्याने असल्या सगळ्या इशाऱ्यांची यादी हाताने लिहून टेबलावर ठेवलेली. तो यादीत बघतो आणि काही सेकंदांत सांगतो, काळजी नाही, पुढे चला. कॉम्प्युटरवर कामाचा ताण आला होता, म्हणून तो कमी महत्त्वाची कामं सोडून देत होता आणि यान उतरवायचं काम तेवढं धरून ठेवत होता. आम्ही कॅज्युअल्टीत नेमकं हेच करतो, दहा पेशंट एकदम आले की. मी बसमध्ये हे ऐकलं आणि माझा स्टॉप गेला.

आणि तुमच्यासाठी खास. त्या कॉम्प्युटरची कायमची मेमरी बायकांनी हाताने विणलेली होती. खरंच विणलेली. बारीक बारीक चुंबकी कड्या आणि त्यांतून ओवलेली तांब्याची तार, तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या कारखान्यात हे काम चालायचं, तिथल्या काही जणी आधी कापड गिरणीत, घड्याळांच्या कारखान्यात काम केलेल्या होत्या. एक तार चुकली तर प्रोग्रॅम चुकला. चंद्रावर पोचायला त्या बायकांची बोटं लागली हे मला कुठल्याच शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी मालिका अपोलो १३ वर आहे, तीही चांगली, पण पहिलीच आधी ऐका.

अजून एक छोटंसं, गाणी आवडत असतील तर साँग एक्स्प्लोडर. हृषीकेश हिरवे नावाच्या गायक-संगीतकाराने २०१४ मध्ये सुरू केला. अमेरिकेत वाढलेला माणूस, पण नाव ऐकून घरातलाच वाटतो. गाणं बनवणारा कलाकार आपलंच गाणं सुटं करून दाखवतो, आधी नुसता ढोल, मग नुसता गळा, हा तुकडा कसा सुचला, तो का काढून टाकला, आणि शेवटी पूर्ण गाणं. हृषीकेश स्वतःचे प्रश्न कापून टाकतो, त्यामुळे कलाकार थेट आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. गाणी माझ्या ओळखीची नसतात बहुतेक, तरी ऐकते. एखादी भाजी कशी केली ते करणारीकडूनच ऐकावं तसं आहे ते.

---

बेधडक_अमोल्या

सीरिअल नावाचा अमेरिकन पॉडकास्ट कसा कोणी नाही सांगितला?? २०१४ चा, पॉडकास्ट हा प्रकार खऱ्या अर्थाने घराघरात पोचला तो यामुळे. बाल्टिमोरमधल्या एका शाळकरी मुलीचा १९९९ मधला खून, आणि तिच्या मित्राला झालेली शिक्षा बरोबर होती का याचा शोध, बारा भाग. एक ऐकला की थांबता येत नाही.

आणि वेळ भरपूर आहे तर अमित वर्मांचा द सीन अँड द अनसीन. इंग्रजी. २०१७ ला सुरू झाला तेव्हा वीस-वीस मिनिटांचे भाग असायचे, आता चार-पाच तासांचे असतात, काही तर त्याहून मोठे. एका भागात सकाळच्या सगळ्या पोळ्या होऊन भाज्या पण होतील.

---

दूरदेशी_लीड्स

अमोल, सीरिअल मीही ऐकला, बांधणी जबरदस्त आहे, वाद नाही. पण संपल्यावर मला दोन दिवस त्या मुलीच्या आईचा विचार येत राहिला. आपण चहा पिता पिता अंदाज बांधतो आणि त्या घरात ती खरंच नाहीये. म्हणून मी तो कोणाला सुचवत नाही. ऐकणाऱ्याने हे मनात ठेवून ऐकावं एवढंच.

---

लाटणं_डोंबिवली

मंडळी, बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा. आधी सगळ्यांचं सांगितलेलं ऐकून बघावं आणि मग लिहावं असं ठरवलं होतं.

अँटेनापॉड मुलीने टाकून दिलं. रात्री रांग लावते, सकाळी एकदा सुरू केलं की साडेदहाला हात धुवूनच फोनला हात. कोकणकडा दादा, तुम्हाला किती आशीर्वाद देऊ.

तीन ताल पहिल्या भागात जरा गोंधळाचं वाटलं, कोण बोलतंय तेच कळेना, तिसऱ्या भागापासून आवाज ओळखीचे झाले आणि आता शनिवारी सकाळचं तेच ठरलंय. पत्रांच्या वेळी रडले, पॅसेंजर दादा म्हणाले होते तसंच झालं. पुलियाबाज़ी मावशी आल्यावर लावते. परवा त्यात शहरातल्या पाण्याचा विषय होता, तर मावशी लाट्या करायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, म्हणजे आमच्या चाळीत टँकर येतो त्याचे पैसे आम्ही दोनदा भरतो होय. मास्तर, वेग साधाच ठेवलाय हो. सीरिअल पहाटे पाचला एकटीने ऐकायची हिंमत नाही झाली, सॉरी अमोल.

आणि चंद्रावरचं. काल शेवटचा भाग ऐकला. इंग्रजी सगळं नाही कळलं, काही ठिकाणी मागे जाऊन ऐकलं, त्यासाठी मात्र दोनदा हात धुवावे लागले. ते इंधन संपत आलेलं असतं आणि खालून साठ सेकंद, मग तीस सेकंद म्हणतात ना, तेव्हा माझ्या तव्यावरची पोळी करपली. बारा दिवसांतली पहिलीच करपलेली पोळी. तेवढ्यात मावशी आल्या, त्यांना मी तसंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, त्या बायकांनी तार कशी विणली, आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. मावशींनी पदर खोचला, लाटी हातात घेतली आणि विचारलं, "मग त्यांची नावं सांगितली का त्यात?" मला सांगता आलं नाही. लीड्सवाल्या ताई, तुम्हाला माहिती असतील तर लिहा, मावशी आजही विचारत होत्या.

पुढच्या आठवड्यात होळीच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी सुरू होतील, रोजचे तीन तास वाढतील. अजून सुचवा.