अनुभव धागा: आई कामावर असायची तेव्हा मागे कोण होतं?

लेक आता नववीत आहे. परवा भाजी निवडताना तिनं सहज सांगितलं. पाळणाघरात दाराशी चपलांची मांडणी होती. एकेकीची आई येऊन जायची, तसे जोड कमी होत जायचे. तिचेच जांभळे सँडल उरले की ती दप्तर पाठीला अडकवून दारात बसायची, कारण आता जिना चढून येणारी आई आपलीच. "रडू नाही यायचं गं, पण अजून कुणाचे तरी सँडल बरोबर असावेत असं वाटायचं."

तिच्या वेळी, 2011 साली, खासगी नोकरीत बाळंतपणाची रजा 12 आठवडेच होती, 26 आठवडे 2017 पासून झाली. तीन महिन्यांची पोर ठेवून मी डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडायला लागले. दुपारी छाती दगडासारखी व्हायची. बाथरूममध्ये जाऊन दूध पिळायचं आणि बेसिनमध्ये सोडायचं. पुढे नवऱ्याची कंपनी बंद पडली, तेव्हा चौदा महिने घराचा हप्ता माझ्या पगारातून गेला. ते बेसिनही खरं आणि तो हप्ताही खरा, मला त्यातलं एक निवडता येत नाही.

आईनं नोकरी करावी की नाही, हा वाद इथे नको. ती बाहेर असताना मागे कोण होतं आणि तिचा पैसा कुणाच्या हातात यायचा, तेवढं लिहा.

लातूर, मुलगा

आमची आई एसटीत वाहक होती. मुक्कामी गाडी असली की रात्री घरी नसायची. आजी होती, पण तिला संध्याकाळनंतर नीट दिसायचं नाही, म्हणून नवव्या वर्षी मी कुकर लावायला शिकलो. वरणाला किती पाणी, शिट्ट्या किती, सगळं आईनं दाराच्या मागे खडूनं लिहून ठेवलं होतं. ड्युटीवरून आली की आधी हात धुवायची. नाण्यांनी बोटांची टोकं काळी झालेली असायची, साबणानंही पुरती निघायची नाहीत. शाळेच्या गॅदरिंगला ती एकदाही आली नाही, ती रिकामी खुर्ची मला अजून आठवते. पण दहावीनंतर मला शिकायला बाहेर पाठवायचं तिनं एकटीनं ठरवलं. पैसे तिचे होते, कुणाला विचारावं लागलं नाही. आज आमच्या घरी कुकर मीच लावतो. ती मदत नव्हे, लहानपणापासूनचं माझं काम आहे.

पुणे, हिंजवडी

मी दुसऱ्या बाळानंतर राजीनामा दिला. 50 किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय द्यावी लागते, मध्ये चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं, असं कायदा सांगतो. आमच्या कंपनीनं सोय दाखवली ती नऊ किलोमीटरवर. तिथल्या रहदारीत चार वेळा सोडा, एकदा जाऊन यायलाच अर्धा दिवस जातो.

आठ वर्षं घरी होते. मुलांची दुपार मला मिळाली, त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण आईला साडी घ्यायची म्हटलं तरी नवऱ्याला सांगावं लागायचं. तो कधी नाही म्हणाला नाही, तरीही सांगावं लागायचं. आता परत अर्ज करतेय, तर प्रत्येक मुलाखतीत आधी "मधली वर्षं काय केलंत?"

बीड, आरोग्यसेविका

वरचं वाचून लिहावं वाटलं. आमच्याकडं नोकरी करू की मूल सांभाळू, असा सवालच नव्हता. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळी निघायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, ती बापाच्या नावावर. मजुरीचा हिशेब जोडीचा, आईच्या नावचा वेगळा रुपया मी कधी पाहिला नाही. पहाटेच्या अंधारात ती फडात जायची. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. परत आल्यावर चूलही तिचीच.

कोपीवर, म्हणजे आमच्या तिथल्या झोपडीत, मागे कोण? मी. आठ वर्षांची होते, भाऊ सात महिन्यांचा. तो भुकेनं रडायला लागला की कडेवर घेऊन फडात जायचं. आई मोळीवर टेकून पाजायची, तेवढाच तिचा विसावा. पाचटानं तिच्या हातांवर ओरखडे असायचे, म्हणून ती भावाच्या गालाला बोटं लावायची नाही, मनगटानं पुसायची. तिसरी आणि चौथी, दोन्ही वर्षं माझी दिवाळीनंतरची शाळा बुडाली. पुढं मामानं ठेवून घेतलं म्हणून शिकले. पहिला पगार आईच्या नावानं खातं उघडून त्यात टाकला. सही करताना तिचा हात थरथरत होता.

नाशिक, आजी

सून सकाळी आठला जाते, नातू माझ्याकडे. नातवाची माया आहेच. पण माझे गुडघे दुखतात आणि "आजी आहे ना" म्हणताना मला कुणी विचारलेलं नसतं. गेल्या वर्षी तोंड उघडून सांगितलं. आता दुपारी एक ताई येतात, दोन ते पाच मी निजते. ताईंचा पगार मुलगा देतो. सुनेच्या पगारातून तो जायला नको, असं मीच म्हटलं.

कोल्हापूर, सरकारी कार्यालय

राज्य सरकारनं 2018 साली महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. मूल 18 वर्षांचं होईपर्यंतच घेता येते. मी घेतली 35 दिवस, मुलाच्या दहावीला. दरवर्षी अर्ज लिहायचे, मग टेबलावरच्या फायली पाहून दप्तरात ठेवून द्यायचे. उरल्या 145. फेब्रुवारीत त्याला 18 पूर्ण होतील. वरच्या ताईंच्या लेकीच्या सँडलचं वाचलं आणि काल तो जुना अर्ज काढून तारीख बदलली. आज साहेबांच्या टेबलावर ठेवला आहे.