नेपाळ सीमेवर पासपोर्ट सक्ती : नेमकी कुणाला अडवणार?

उंबरठा

या मंचावरच्या सुरक्षेच्या धाग्यावर तटबंदी या सदस्यांनी लिहिलंय, "नेपाळ सीमा म्हणजे दार नसलेलं घर. पासपोर्ट सक्तीचा करा, घुसखोरी महिन्याभरात थांबेल." हे वाचून राहवेना. दोन ओळींत उत्तर मावत नाही, म्हणून वेगळा धागा.

सीमा १,७५१ किलोमीटरची. रक्सौल-वीरगंज, सुनौली-भैरहवा, जोगबनी-विराटनगर, बनबसा-महेंद्रनगर अशी ठळक नाकी सोडली तर बाकीची सीमा शेतांतून, बागांतून, नदीच्या पात्रातून जाते. मध्ये खांबांची रांग आणि दोन्ही अंगांना दहा-दहा यार्डांची मोकळी पट्टी, तिला तिकडे दशगजा म्हणतात. पावसाळ्यात नदी पात्र बदलते आणि खांब वाहून जातात. सुस्ताचा वाद गंडकीनं पात्र बदलल्यामुळेच उभा राहिला.

पासपोर्टवर शिक्का मारायला माणूस लागतो आणि तो माणूस नाक्यावर बसतो. ज्याला लपून यायचंय तो नाक्यावर कशाला येईल? मग शिक्क्यासाठी रांगेत कोण उभं राहणार? रोजचा मजूर, माहेरी निघालेली बाई, दवाखान्यात नेलेला म्हातारा. रोटी-बेटीचा व्यवहार असलेल्या गावांत कित्येक घरांत पासपोर्टच नसतो. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराचं सातवं कलम दोन्ही देशांच्या नागरिकांना राहण्याचे, मालमत्तेचे, व्यापाराचे आणि ये-जा करण्याचे समान हक्क देतं. ते नको असेल तर दहाव्या कलमाप्रमाणे वर्षभराची नोटीस द्या. परिपत्रक काढून हे होत नाही.

तटबंदी

माझं वाक्य अर्धंच उचललंत. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान, आयसी ८१४, पळवलं गेलं. ऑगस्ट २०१३ मध्ये इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेचा यासीन भटकळ नेपाळ सीमेवरच सापडला. तिसऱ्या देशाचा माणूस काठमांडूच्या विमानतळावर व्हिसा घेतो, बसने तराईत, म्हणजे सीमेलगतच्या सपाट भागात, उतरतो आणि चालत बिहारात येतो. सशस्त्र सीमा बल २००१ पासून तिथे आहे, पण त्यांना संशय आला तरच ते थांबवतात. कोण आत आलं याची नोंदच नसेल, तर कोण परत गेलं नाही हे कसं कळणार? या प्रश्नाचं उत्तर द्या. दवाखान्यातल्या म्हाताऱ्याचं नाव पुढे करू नका.

उंबरठा

म्हातारा पुढे केला कारण पहिला फटका त्यालाच बसणार आहे. आयसी ८१४ चे अपहरणकर्ते विमानतळावरून चढले होते, शेतातून नव्हे. ती चूक विमानतळावरच्या तपासणीची होती. आणि भटकळ माहितीच्या जोरावर पकडला गेला, शिक्क्याच्या जोरावर नाही.

काकडभिट्टा

दोघांच्याही बोलण्यात मुलींच्या तस्करीचा मुद्दा आलेला नाही. पासपोर्ट सक्ती झाली तर दलाल आनंदाने पासपोर्ट काढून देईल, नाहीतरी आखातात पाठवायला तो लागतोच. भारतातल्या विमानतळावरून तिसऱ्या देशात नोकरीला जाणाऱ्या नेपाळी नागरिकाकडे नेपाळी दूतावासाचं ना हरकत पत्र मागतात, दलालांची खरी अडचण तिथे होते. सीमेवर उपयोगी पडते ती चौकशी. माईती नेपाळसारख्या तस्करीविरोधी संस्थांच्या कार्यकर्त्या नाक्यावर उभ्या असतात. मुलगी आणि तिचा सोबती यांना वेगळं करून दोघांना तेच प्रश्न विचारतात : गाव कुठलं, नातं काय, काम कुणी लावलं, उतरणार कुठे. उत्तरं जुळली नाहीत की घरी फोन. या कामाला माणसं वाढवा.

पायवाट

एवढा गहजब कशाला? आधार कार्ड दाखवायचं आणि जायचं. विमानानेही चालतं.

मोहोर

पायवाट, कृपा करून हे लिहू नका, कुणीतरी वाचेल आणि विमानतळावर अडकेल. विमानाने नेपाळला जाणाऱ्या प्रौढ भारतीयाला दोनच कागद चालतात : मुदतीतला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार चालतं ते १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ च्या वरच्यांना, तेही वय आणि ओळख पटवायला. मधल्या वयाच्या माणसाला विमान कंपनीचा कर्मचारी खिडकीवरूनच परत पाठवतो. जमिनीवर कुणी विचारलं नाही म्हणून आधार चाललं असं वाटतं, आणि परतीचं तिकीट विमानाचं असलं की काठमांडूत गाडी अडते. मग भारतीय दूतावासातून एका फेरीपुरता कागद काढावा लागतो. भारताऐवजी दुसऱ्याच देशातून नेपाळला उतरणार असाल तर पासपोर्टच हवा.

पायवाट

नियम पुस्तकात असतात. रस्त्याने कुणीही विचारत नाही, हे तुम्हीच आत्ता लिहिलंत.

मोहोर

विचारत नाहीत म्हणूनच घोटाळा होतो! घरातल्या एकाकडे परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असेल तर बघा. त्याला नेपाळचा व्हिसा लागतो आणि भारतातून बाहेर पडल्याचा शिक्काही. सुनौलीचं इमिग्रेशन ऑफिस बाजाराच्या रस्त्यावरच आहे. गर्दीतून रिक्षा सरळ सीमेवरच्या कमानीखालून निघून जाते, कुणी हटकत नाही. पलीकडच्या व्हिसा खिडकीवर भारतीय शिक्का मागतात, तेव्हा उलट चालत यायचं. ती खिडकीही चुकली तर काठमांडूच्या विमानतळावर तुम्ही नेपाळात शिरल्याची नोंदच सापडत नाही, आणि भारताच्या दप्तरी तुम्ही अजून भारतातच असता.

तटबंदी

हेच, अगदी हेच मी म्हणतोय. नोंद नाही! माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मोहोर यांनी दिला.

उंबरठा

दिलेला नाही. तो परदेशी पासपोर्टवाल्यांचा प्रश्न आहे, त्यांना सक्ती आजही आहे. सक्ती असून माणूस निसटतो. मग तीच सक्ती नेपाळ्यांवर लादून काय साधणार?

तटबंदी

सारखं 'काय साधणार' हे उत्तर होत नाही. म्यानमारच्या सीमेवर हेच चालायचं. सीमेलगतच्या लोकांना दोन्हीकडे १६ किलोमीटरपर्यंत व्हिसाशिवाय मोकळीक होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली, मग पट्टा १० किलोमीटरवर आला आणि आसाम रायफल्सच्या नाक्यावर क्यूआर असलेला पास आला. तिथे जमतं ते इथे का नाही?

उंबरठा

तिथे मिझोराम आणि नागालँड सरकारांनी विरोध केला, तोही याच कारणाने : एकाच कुळाची गावं दोन देशांत. पण पासची नोंद आणि पासपोर्ट यांत फरक आहे, हे तुमच्याच उदाहरणातून दिसतं. ठळक नाक्यांवर नागरिकत्वाचा कागद किंवा मतदार ओळखपत्र दाखवून नोंद करायची, एवढ्यापुरता माझा विरोध नाही. मनापासून पटत नाही, पण खोटंही बोलणार नाही. भारत-नेपाळ संबंधांचा फेरविचार करायला नेमलेल्या दोन्ही देशांच्या तज्ज्ञ गटाचा अहवाल २०१८ मध्ये तयार झाला आणि दोन्ही सरकारांनी तो स्वीकारलाच नाही. भांडायचं तर त्याच्यावर भांडा.

तटबंदी

ठीक. 'महिन्याभरात थांबेल' हे मागे घेतो. नोंदीचा आग्रह सोडत नाही.

पायवाट

मोहोर, मुलगी सोळा वर्षांची आहे. पासपोर्ट नाही, मतदार कार्ड मिळायचं वय नाही. आधारही चालत नाही म्हणता. मग विमानात बसवायचं कसं?

मोहोर

१५ ते १८ साठी मुख्याध्यापकांनी दिलेला ओळखीचा दाखला चालतो, फक्त ठरलेल्या नमुन्यात हवा. साधं बोनाफाइड देऊन भागेल असं धरून चालू नका. फोटो, सही, शिक्का तिन्ही तपासा आणि मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, परतीच्या विमानालाही तोच लागतो. आणि सुट्टी लागायच्या आधी घ्या, मे महिन्यात सही करायला शाळेत कुणी भेटत नाही.