अनुभव धागा : विमानाचे किलोमीटर आणि गावापासूनचे तास

मुंबई ते न्यूयॉर्क हवेतून साधारण 12,500 किलोमीटर, थेट विमानाने पंधरा-सोळा तास. पण दारव्ह्याहून निघणाऱ्याला किती? अंतर आणि वेळ यांचा मेळ न बसलेले अनुभव लिहा. घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ धरूनच!

वरुडहून : लेक सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. दिल्लीहून जवळचा मार्ग उत्तरेकडून, साडेबारा हजार किलोमीटरच्या आत. तरी 2016 मध्ये एअर इंडियाने हेच विमान पॅसिफिकवरून न्यायला घेतलं. अंतर 15,300 किलोमीटर, वेळ मात्र साडेचौदा तासांच्या आसपास, म्हणजे आधीपेक्षा कमीच. जावयाने कारण सांगितलं : तेवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम. पूर्वेकडे निघालं की तो पाठीशी, पश्चिमेकडे निघालं की तोंडावर. मुंबई–लंडनलाही जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, ते यामुळेच. तेव्हापासून मी किलोमीटर विचारणं सोडलं, तास विचारतो.

आर्णीहून : पोरगा कतारले आहे. नागपूर–दोहा थेट, 2,800 किलोमीटरच्या वर. तिकिटावर निघाची न् पोचाची वेळ पाहून बुढी म्हणे, "दोनच तास? यवतमाळहून नागपूरले एष्टीच त्याहून जास्त घेते!" मंग पोरानं फोनवर समजावलं, तिथलं घड्याळ अडीच तास मागं. खरे तास सव्वाचार-साडेचार. येतानाच्या तिकिटावर तेच सहाच्या वर दिसते, तवा बुढी घाबरली, म्हणे विमान कुठं थांबते का मधात?

धारणीहून : नागपूर–मुंबई हवेतून सातशे किलोमीटरही नाही, दीड तास. आमचं सोनेगाव, म्हणजे नागपूरचं विमानतळ, गाठायचं तर सेमाडोहची वळणं, परतवाडा, अमरावती, मग हायवे. अख्खा दिवस त्यातच. 16 एप्रिल 2025 ला अमरावतीचं बेलोरा विमानतळ सुरू झालं न् मुंबईची फेरी निघाली. पंख्याचं छोटं विमान, एटीआर, जेटपेक्षा हळू, पण आम्हाला नागपूरचा फेरा वाचला. फक्त रोज नव्हतं ते, वार पाहूनच लग्नाला जावं लागे.

पुसदहून : भाऊ युरोपात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून दिल्लीहून तिकडे जाणारी त्यांची विमानं वळसा घालू लागली. अंतराच्या साइटवर आकडा मात्र जुनाच, कारण ती सरळ मोजते.

आर्णीवाल्या भाऊंना, मोर्शीहून : दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणा, मगच वजाबाकी करा. आणि मधे विमान बदलायचं असेल तर तिथले तास वेगळे धरा, आम्हाला उडण्यापेक्षा बसूनच जास्त झाले.

धारणीवाल्यांना : परतवाड्याहून बेलोऱ्याला सकाळची एष्टी मिळते का हो?