साताऱ्यात पहिल्यांदाच गेलात, तेव्हा काय पाहिलेत?

कासला फुले पाहण्यास, ठोसेघरला धबधबा पाहण्यास किंवा कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनास निघालेले कितीतरी लोक साताऱ्यात चहा घेतात, पेढे बांधून घेतात आणि पुढे जातात. 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक जेथे झाला आणि पुढे 1848 पर्यंत छत्रपतींची गादी जेथे राहिली, ते शहर पायी फिरून पाहणारे त्या मानाने थोडेच. म्हणून हा धागा. आपण प्रथमच गेला असाल तर शहरात व शहरालगत काय पाहिले, कोणत्या क्रमाने पाहिले आणि काय खटकले, हे सविस्तर लिहावे. कासच्या फुलांवर पुष्कळ लिहून झाले आहे, त्यांना येथे रजा द्यावी. सातारकरांनीही भर घालावी, मात्र अभिमान थोडा आवरून.

नाशिकचे एक निवृत्त अभियंता :

रेल्वेने जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की सातारा स्थानक माहुलीच्या बाजूला, शहरापासून दूर आहे. मी अजिंक्यताऱ्यावर ऊन चढण्यापूर्वी गेलो आणि इतरांनाही तेच सुचवीन, कारण एकदा वरून सारे शहर नजरेखालून गेले की खाली फिरताना वाट विचारावी लागत नाही. गड शहराला अगदी खेटून उभा आहे. वर दूरदर्शनचा मनोरा, पाण्याची तळी आणि मंगळाई देवीचे मंदिर आहे; तटावरून फिरताना एकीकडे यवतेश्वराचे पठार व सज्जनगड आणि दुसरीकडे जरंडेश्वर ओळखता येतो.

माझे मन मात्र तटाच्या बांधणीतच अडकले. औरंगजेबाने डिसेंबर 1699 मध्ये या गडाला वेढा घातला, तेव्हा प्रयागजी प्रभू किल्लेदार होते. मोगलांनी तटाखाली सुरुंग भरले. पहिल्या स्फोटात गडावरची माणसे दगावली, स्वतः प्रयागजी ढिगाऱ्याखाली सापडूनही वाचले. दुसऱ्या स्फोटात तटाचा भाग बाहेरच्या अंगाला ढासळला आणि हल्ल्यासाठी खाली सज्ज असलेले मोगल सैन्यच त्याखाली गाडले गेले. राजाराम महाराजांच्या निधनानंतर, एप्रिल 1700 मध्ये गड अखेर मोगलांकडे गेला व त्याचा आझमतारा झाला. मराठ्यांनी तो परत घेतल्यावर अजिंक्यतारा हे नाव आले. तटाच्या बुडाशी उभे राहून वर पाहिले म्हणजे एवढ्या दगडांचा भार बाहेर कोसळणे म्हणजे काय, हे मला कोणत्याही नकाशापेक्षा स्वच्छ समजले.

लातूरच्या एक शिक्षिका :

मी राजवाड्यापासून सुरुवात केली आणि त्याचे कारण तेथे भरणारी शाळा हे होते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव साताऱ्यातील सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. पटावरील नोंद ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी आहे. महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि माझ्या वर्गात मी तो दरवर्षी साजरा करीत आले; जेथून तो सुरू झाला ती जागा पाहण्याची इच्छा तेव्हापासूनची होती. राजाचा वाडा आणि ज्याच्या पूर्वजांना वाड्याच्या अंगणातही पाऊल टाकता आले नसते त्याची शाळा, या दोन गोष्टी प्रतापसिंह महाराजांच्या एकाच नावाने जोडलेल्या पाहून मी वाड्यासमोरच्या गोलबागेत बराच वेळ बसून राहिले. वाड्याच्या लाकडी कामाची आबाळ मात्र डोळ्यांना खुपते.

तेथून कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या समाधीस गेले. रयत शिक्षण संस्था 1919 मध्ये काले येथे स्थापन झाली आणि 1924 मध्ये साताऱ्यास आली. सर्व जातींची मुले जेथे एकत्र राहत व जेवत, त्या वसतिगृहास 1927 मध्ये गांधीजींनी भेट दिली होती. शिक्षकांनी साताऱ्याची सहल काढलीच, तर किल्ल्याइतकाच वेळ या दोन ठिकाणांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिरज तालुक्यातील एक शेतकरी :

मला लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीबद्दल लिहायचे आहे. महामार्गावरून आत वळले की शेरेवाडीच्या शिवारात ही विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांच्या देखरेखीखाली ती बांधली गेली आणि शिलालेखात शके 1641 ते 1646 असा काळ कोरलेला आहे. मंडळी आत उतरतात, कमानीखाली छायाचित्रे काढतात, खांबांवरची शिल्पे पाहतात आणि परततात. मी आधी वरच रेंगाळलो, कारण लहानपणी आमच्या मळ्यात मी मोट, म्हणजे विहिरीतून पाणी उपसण्याची चामड्याची मोठी पिशवी, बैलांकरवी हाकलेली आहे. बैल धावेच्या, म्हणजे त्यांच्या वाटेच्या, उतारावरून पुढे गेले की नाडा (जाड दोर) ताणला जाऊन मोट वर येते, सोंद (मोटेच्या सोंडेची दोरी) सैल सुटताच सोंडेतले पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, पडते आणि तेथून पाटाला लागते. मग बैल मागे सारायचे, हे सर्वांत कष्टाचे काम. एका मोटेला एवढा खटाटोप, तर येथे बारा मोटा चालत असताना किती बैलजोड्या, किती माणसे आणि किती आरडाओरडा असेल! आतला महाल देखणा आहेच, परंतु विहिरीचा जीव वरच्या दगडी थारोळ्यांत आहे. आधी ती पाहावीत, मग पायऱ्या उतराव्यात.

पुण्याच्या एक वाचक :

आम्ही 2024 च्या पावसाळ्यात, लंडनहून आलेली वाघनखे पाहण्यास छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात गेलो. रांग लांब होती. वाघनखे नंतर नागपूरला हलवण्यात आली, तरी शस्त्रे व वस्त्रे पाहण्यासाठी संग्रहालय चुकवू नये. कंदी पेढे मोती चौकात घेतले. खवा खरपूस भाजलेला असल्यामुळे ते पांढऱ्या पेढ्यांइतके गोड लागत नाहीत. फुलांच्या हंगामात एका लॉजने ठरलेल्यापेक्षा जास्त भाडे मागितले, म्हणून भाडे लेखी घेऊन ठेवावे.

एक सातारकर :

वरील पाहुण्यांनी 1708 पासूनचा सातारा पाहिला, पण शेवट पाहिला नाही. इंग्रजांनी 1839 मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे खटपट केली आणि ती निष्फळ ठरली. दरम्यान 1848 मध्ये दत्तक नामंजूर करून राज्य खालसा झाले. पुढे 1857 मध्ये उठावाच्या कटाबद्दल 17 जणांना गेंडामाळावर देहदंड देण्यात आला; त्यांत रंगो बापूजींचे चिरंजीवही होते. तेथे स्मारक आहे आणि गर्दी कधीच नसते. अजिंक्यताऱ्याच्या उताराला ‘चार भिंती’ नावाचे ठिकाण आहे, तेथे संध्याकाळी जावे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला विश्वेश्वराचे मंदिर व राजघराण्यातील समाध्या आहेत. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही समाधी तेथे आहे, मुलांना ती आवर्जून दाखवावी.

सोलापूरहून एक प्रश्न :

आईचे वय झाले आहे, गुडघे दुखतात. यांपैकी काय जमेल?

सातारकर :

अजिंक्यताऱ्यावर गाडी दरवाजाजवळ जाते, तेथवर त्यांना न्यावे. तटाची फेरी सोडून द्यावी. लिंबची विहीर वरून पाहता येईल. सज्जनगडाला गाडी वर गेली तरी पुढे पायऱ्या आहेत, तेव्हा तो बेत आईंना विचारूनच करावा. माहुलीच्या घाटावर पाऊस असताना उतरू देऊ नये, दगड निसरडे असतात.