मदत हवी आहे : कोन्पिरा म्हणजे आपला कुंभीर?

जपानमधल्या कागावा प्रांतातल्या कोतोहिरा देवळाबद्दल कोणाला माहितीये का? झोझु डोंगरावर आहे, झोझु म्हणजे चक्क हत्तीचं डोकं, मुख्य देवळापर्यंत 785 पायऱ्या अन् वरच्या देवळापर्यंत 1368, दर्शनाआधीच गुडघे गेले माझे. तर इथला खलाशांचा देव कोन्पिरा, आणि हे नाव संस्कृत कुंभीरवरून आलं म्हणतात, म्हणजे मगर!! पण 1868 नंतर सरकारने शिंतो (जपानचा मूळ धर्म) अन् बौद्ध वेगळं केलं तेव्हा तो बौद्ध कोन्पिरा बाजूला होऊन शिंतो देव ओमोनोनुशी हाच मुख्य देव ठरला, सोबत हद्दपारीत वारलेला सम्राट सुतोकू. तरी लोक अजून प्रेमाने कोन्पिरा-सानच म्हणतात. मग नवस नक्की कोणाला बोलतात? आणि आपल्याकडच्या जुन्या बौद्ध ग्रंथांत हा कुंभीर नावाचा यक्ष कुठे येतो, संस्कृत-पालीवाल्यांनी प्लीज सांगा ना.