मदत हवी आहे: ब्रोकोलिनी खुडायच्या आधीच फुलतेय

नमस्कार मंडळी. फोंड्याला घरामागच्या लाल मातीत नोव्हेंबरात ब्रोकोलिनीची ८ रोपं लावली. ब्रोकोली आणि काइलान (एक चिनी पालेभाजी) यांचा हा संकर, त्यामुळे मोठ्या गड्ड्याची आशा नव्हतीच; कोवळे दांडे हवे होते. पण मधला तुरा सुपारीएवढा होतो न होतो तोच पिवळी फुलं! सासूबाई म्हणतात, "मोहरीच लावलीस गो." दुपारी पारा ३२-३३ अंशांवर जातो, त्यानेच का? तुरा लवकर खुडला की बगलेतून फुटवे येतात म्हणून ४ रोपांचा खुडला. फुटवे आले, पण खराट्याच्या काडीसारखे. शेणखत वाढवू की सावलीसाठी हिरवी जाळी बांधू? गोव्यात कुणाला जमलंय का? लागवड कधी केलीत?